आधी सेक्शन

(दृश्य: कोरा कागद. पेन्सिलीची एक आडवी रेघ.)

ही जमीन. माझं डिझाइन इथून सुरू होतं. रेघेवर आधी एक माणूस काढायचा, बसलेला किंवा उभा, आणि मग त्याच्याभोवती इमारत. उभी कापलेली इमारत आतून जशी दिसेल, ते चित्र म्हणजे सेक्शन. मी आर्किटेक्चर शिकतेय, आणि कुठल्याही प्रोजेक्टमध्ये पहिला कागद सेक्शनचाच असावा, असा माझा हट्ट आहे.

कॉलेजच्या स्टुडिओत, म्हणजे डिझाइनच्या वर्गात, क्रम बहुतेकदा उलटा असतो. प्लॅन, म्हणजे वरून दिसणारा आराखडा, त्यावरून थ्रीडी मॉडेल, मग रेंडर, म्हणजे खऱ्यासारखं दिसणारं चित्र. सेक्शन येतो ज्युरीच्या, म्हणजे परीक्षकांसमोर काम मांडण्याच्या, आदल्या रात्री, सॉफ्टवेअरकडून कापून घेतलेला, शीटवरची रिकामी जागा भरायला. वेळच तेवढा असतो, मान्य. पण प्लॅनमध्ये माणूस दिसतो तो वरून. तो बसलाय की उभा, त्याला खिडकीतून झाड दिसतंय की नुसतं आभाळ, हे तिथे कळायला मार्ग नाही.

खिडकीची सिल, म्हणजे खालची कड, सवयीने जमिनीपासून ९०० मिलिमीटरवर ठेवली जाते. खुर्चीत बसलेल्याचे डोळे जमिनीपासून साधारण ११५० ते १२०० मिलिमीटरवर असतात, त्यामुळे त्याला बाहेरचं दिसतं. तोच माणूस जमिनीवर मांडी घालून बसला, की डोळे साधारण ७५० ते ८०० वर येतात आणि समोर उरते भिंत. लहान मुलांच्या वर्गासाठी ९०० ची सिल काढलेले प्लॅन मी पाहिलेत. कागदावर खिडकी असते. मुलांना ती नसते.

(दृश्य: पाइमिओच्या खोलीचा सेक्शन. हात एकेक गोष्ट काढत जातो.)

हा विचार मला सगळ्यात स्पष्ट दिसतो तो फिनलंडमधल्या पाइमिओ सॅनेटोरियममध्ये. फिनिश आर्किटेक्ट आल्वार आल्तोची ही क्षयरोग्यांसाठीची इमारत १९३३ मध्ये पूर्ण झाली. तेव्हा क्षयावर गुणकारी औषध नव्हतं. विश्रांती, ऊन आणि मोकळी हवा हाच उपचार. रुग्ण महिनोन्‌महिने आडवा. खोलीचा प्लॅन पाहिला तर त्यात विशेष काही नाही: दोन खाटा, दोन बेसिन, खिडकी.

सेक्शनमध्ये मात्र सगळं उलगडतं. झोपलेल्या माणसाला दिवसभर दिसतं ते छत, म्हणून छत भिंतींपेक्षा गडद, शांत रंगाचं. दिवा असा लावलेला की पडल्या पडल्या डोळ्यांत येऊ नये. उष्णता देणारं पॅनेल छतात, पण ऊब पायांकडे जाईल, डोक्यावर येणार नाही, अशा बेताने. बेसिनचा उतारही असा की पाण्याचा आवाज होऊ नये, शेजारच्याची झोप मोडू नये. आल्तोने उभ्या माणसासाठी नाही, आडव्या माणसासाठी खोली केली. एवढं एकच वाक्य मनात धरून आख्खी खोली ठरते, याचं मला फार अप्रूप वाटतं. ज्युरीसमोर आम्ही जे ‘कॉन्सेप्ट’ मांडतो, पक्ष्याचा पंख, उमलणारं फूल वगैरे, त्यातलं एक तरी असं दिव्याच्या जागेपर्यंत पोचतं का?

सेक्शनमध्येच उलगडणाऱ्या आणखी दोन इमारती. आर्किटेक्ट लुई कानचं किंबेल आर्ट म्युझियम, टेक्सस, १९७२. प्लॅनमध्ये शेजारी शेजारी ठेवलेले लांबट आयत. सेक्शनमध्ये प्रत्येक कमानीच्या माथ्यावर एक फट, फटीखाली ॲल्युमिनियमचे पंख, आणि त्यांच्यावरून उलटून काँक्रीटवर पसरणारा उजेड. आणि मुंबईतलं आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांचं कांचनजंगा, उंच निवासी इमारत, १९८३. समुद्राचा वारा पश्चिमेकडून, पण तिकडूनच पाऊस आणि दुपारचं ऊन. त्यावर उत्तर म्हणून कोपऱ्यात दुमजली उंचीच्या गच्च्या. ती उंची सेक्शनमध्येच समजते.

(दृश्य: छज्जा, खिडकी, सूर्याचे दोन कोन.)

आता थोडं गणित. मला यात मजा येते. साइट २० अंश उत्तर अक्षांशावर आहे असं धरू. डिसेंबरच्या २१-२२ तारखेला भर दुपारी सूर्य दक्षिणेला, क्षितिजापासून ४६.५ अंशांवर असतो. दक्षिणेच्या खिडकीवर ६०० मिलिमीटरचा छज्जा काढला, तर त्याची सावली साधारण ६३० मिलिमीटर खाली येते. छज्ज्याखालची खिडकी १२०० उंच असेल तर अर्धी सावलीत, अर्ध्या खिडकीतून थंडीतलं ऊन आत. जून २१ ला दुपारी सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला सरकलेला असतो. दक्षिणेच्या भिंतीवर तेव्हा ऊनच नाही. पूर्व-पश्चिमेला ही युक्ती चालत नाही, तिथे ऊन आडवं, क्षितिजाजवळून येतं. तरी चारही बाजूंना सारखेच छज्जे काढायची पद्धत काही सुटत नाही.

सेक्शनमध्येही लबाडी करता येते. कुठून कापायचं ते आपणच ठरवतो, आणि हात आपोआप सगळ्यात देखण्या जागेतून रेघ ओढतो. म्हणून दुसरा सेक्शन मी मुद्दाम कंटाळवाण्या जागेतून काढते: स्टोअर, टॉयलेट, मागचा जिना. इमारतीत डोकं लढवलंय की नाही ते तिथे कळतं.

(दृश्य: कार्डबोर्डचं मॉडेल. कटर, पट्टी, वाळूचा उतार.)

सध्या वाचनालयाचं डिझाइन चालू आहे. जोतं ४५० मिलिमीटर उंच. व्हीलचेअरसाठी १:१२ चा रॅम्प, म्हणजे उंचीच्या बारापट लांब, ५.४ मीटरचा होतो, आणि तो बहुतेकदा बाजूला, झुडपांच्या मागे, नंतर आठवल्यासारखा येतो. मला तसा नकोय. बाहेरची जमीनच १:२० ने चढवत दारापर्यंत आणली, तर ९ मीटर लागतात. पायऱ्या उरत नाहीत, सगळे एकाच वाटेने येतात, आणि पावसाचं पाणी दारापासून लांब वाहतं. सेक्शनमध्ये हे छान बसलंय.

फक्त त्या ९ मीटरच्या मधोमध एक जुनं झाड आहे. बुंध्याभोवती भराव टाकला की मुळांना हवा मिळत नाही, झाड मरतं. मुळं वाचवायची तर वाट वळवावी लागेल, आणि वळण सेक्शनमध्ये दिसत नाही. तेव्हा आज बटर पेपरवर, म्हणजे आरपार दिसणाऱ्या पातळ कागदावर, प्लॅन काढायला घेतलाय.