लातुरातला समुद्र आणि चिकटलेला हीटर

परभणीकरांपुढं थंडीवर बोलायचं म्हणजे धाडसच. मराठवाड्यात पारा घसरला की पेपरात पहिलं नाव तुमचं येतं. आमचं लातूर त्या मानानं गरीब. तरी दिवाळी सरली की माझ्या घरातल्या समुद्राला हीटर लागतो. समुद्र म्हणजे २०० लिटरची काचेची टाकी, खारं पाणी, थोडं प्रवाळ अन् दोन क्लाउनफिश. हसा, सवय आहे मला.

२०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, आठवतंय ना? त्याच आठवड्यात सासरे आले. टाकीपुढं बराच वेळ बसले. मग म्हणले, "जावईबापू, इथं माणसाला घागर मिळंना, अन् तुम्ही माशाला समुद्र बांधून दिलाय." तेव्हापासून प्रत्येक लग्नात, प्रत्येक पंगतीत हेच वाक्य. आता खारं पाणी रोज कोणी बदलत नाही. उडून गेलं तेवढं आरओचं गोडं पाणी भरायचं. आरओतून वाया जाणाऱ्या पाण्यात आमचं धुणं निघत होतं. पण हे सासऱ्यांना सांगणार कोण? त्यांच्या लेकीनं तर नाहीच सांगितलं.

तर असल्याच एका लग्नाला डिसेंबरात हिंगोलीला गेलो. दुसऱ्या दिवशी परत आलो, बायकोनं काचेला हात लावला. "अहो, पाणी अंघोळीचं झालंय!" थर्मामीटर बघितला, ३३. असायला पाहिजे २५-२६. मासे वर येऊन तोंड उघडझाप करत होते, कारण तापल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो. प्रवाळाच्या अंगात एक बारीक शेवाळ राहतं. तेच त्याला खाऊ घालतं, रंगही देतं. उष्णता सोसली नाही की ते बाहेर पडतं अन् प्रवाळ पांढरंफटक होतं. लक्षद्वीपला १९९८, २०१० अन् २०१६ साली झालं ते हेच. तिथं समुद्र तापला होता, इथं माझा ३०० वॅटचा हीटर.

आपल्याला वाटतं, हीटर बिघडला म्हणजे बंद पडला. बंद पडला तर फार बिघडत नाही, २०० लिटर पाणी सावकाश निवतं. घात होतो तो चालूच राहिला की. बोअरच्या स्टार्टरचे कॉन्टॅक्ट चिकटतात अन् मोटार बंदच होत नाही, हे इथल्या शेतकऱ्याला शिकवायला नको. हीटरच्या थर्मोस्टॅटमध्ये, म्हणजे तापमान बघून हीटर चालू-बंद करणाऱ्या खटक्यात, तेच होतं. दर वेळी चालू-बंद होताना ठिणगी उडते, अन् एक दिवस दोन्ही टोकं एकमेकांना धरून बसतात. ३०० वॅट २०० लिटरला पाऊण तासात एक अंश चढवतात. रात्रभराचा हिशोब तुम्हीच करा.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाच मिनिटं. म्हणजे ज्याच्यासाठी बोलावलंत, टाकीचं तापमान सांभाळायचं कसं, ते आता पळत पळत.

एक मोठा हीटर नको, १०० वॅटचे दोन घ्या. एक अडकला तरी थंडीच्या रात्री एकट्याच्यानं टाकी उकळत नाही, एक मेला तर दुसरा जीव धरून ठेवतो. दोन्ही बाहेरच्या कंट्रोलरवर लावा, म्हणजे पाण्याचं तापमान मोजून हीटरची वीज चालू-बंद करणाऱ्या डबीवर. कंट्रोलर २५.५ वर, हीटरची स्वतःची चकती, म्हणजे त्याच्या आतला थर्मोस्टॅट, २७ वर. कंट्रोलरचा रिले, म्हणजे त्याच्या आतला खटका, चिकटला तर चकती आवरते, चकती चिकटली तर कंट्रोलर. दोघं एकाच रात्री चिकटले तर सासऱ्यांचं म्हणणं खरं. कंट्रोलरचा तापमान मोजणारा सेन्सर पाण्यात पक्का बांधा. तो बाहेर पडला तर हवेची थंडी मोजतो अन् कंट्रोलर हीटर चालूच ठेवतो. हीटर उघडा पडेल तिथं ठेवू नका, तापलेली काच तडकते. अन् टाकीत हात घालण्याआधी प्लग काढा.

उन्हाळा राहिला. पाण्यावर साधा पंखा सोडा, आपली कोरडी हवा माठासारखं काम करते. एक लिटर उडालं तर कागदावरच्या हिशोबानं २०० लिटर जवळपास तीन अंशांनी निवतं. उडतं ते गोडं, मीठ मागं राहतं, म्हणून भरायचं तेही गोडंच. लाइट गेली तर बॅटरीवरचा एअर पंप लावा, अन् हिवाळा असेल तर टाकीला गोधडी गुंडाळा. आमच्या टाकीची गोधडी सासूबाईंनी शिवलीय, सासऱ्यांना ठाऊक नाही.