हंप वेल्ड करायची घाई नको: ऑटोमॅटिक चॅलेंजर फोर-स्पीड करताना

[कॅमेऱ्यासमोर. टेबलावर रंग न दिलेला पत्र्याचा हंप.]

नमस्कार मंडळी. हा पत्र्याचा फुगवटा म्हणजे हंप. गिअरची काठी जिथून वर येते, तिथे तो गाडीच्या फ्लोअरवर बसतो. १९७० ते १९७४ मधली डॉज चॅलेंजर किंवा प्लिमथ बाराकुडा ऑटोमॅटिकची मॅन्युअल करायला घेतली, की गिअरबॉक्स, क्लच पेडल, बेलहाउसिंग (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारं, क्लच झाकणारं कवच) यांच्यावर पैसे जातात. डोकं मात्र हा पत्रा खातो. कारण एकच: लोक टेप लावून माप घेतात आणि गिअरबॉक्स चढवायच्या आधीच हंप वेल्ड करून मोकळे होतात.

मुळात हा लागतो कशाला? ए-८३३ या फोर-स्पीड गिअरबॉक्सचे लिव्हर डाव्या अंगाला असतात. तिथून तीन रॉड हर्स्ट कंपनीच्या शिफ्टरकडे, म्हणजे गिअरची काठी ज्यावर बसते त्या यंत्रणेकडे जातात: एक पहिल्या-दुसऱ्याचा, एक तिसऱ्या-चौथ्याचा, एक रिव्हर्सचा. शिफ्टरही गिअरबॉक्सच्या शेपटाला डावीकडेच बोल्टने बसतो. म्हणून गिअरची काठी गाडीच्या मधोमध न येता ड्रायव्हरकडे सरकून वर येते, आणि तिथे जागा करायला हा हंप लागतो. अमेरिकेत ड्रायव्हर डावीकडे बसतो, हे ध्यानात ठेवा. आपल्याकडे पद्मिनी, अँबेसिडरला बराच काळ काठी स्टिअरिंगखाली असायची, त्यामुळे टनेलला, म्हणजे फ्लोअरच्या मधल्या उंचवट्याला, एका बाजूने आलेलं हे टेंगूळ आपल्या डोळ्यांना नवीन वाटतं.

फॅक्टरीतही फ्लोअरला भोक पाडून वरून हंपच वेल्ड करत. ते भोक काही सुबक नसे. त्यामुळे कापलेली कड जरा वाकडी झाली तर जिवाला लावून घेऊ नका, ती हंपखाली झाकली जाते. जागा चुकली तर मात्र काहीच झाकलं जात नाही.

हंप मागवताना गिअरबॉक्सचं नाव सांगून भागत नाही, बॉडी आणि वर्ष सांगा. १९६६ ते १९७० च्या डॉज चार्जरचा, १९६८ ते १९७० च्या प्लिमथ रोड रनरचा हंप वेगळा.

[गाडीच्या आत. सीट, कार्पेट, कन्सोल काढलेले.]

आता काम. बॅटरी सोडा. फ्लोअरवरचा डांबरी थर हीट गनने मऊ करून खरवडा, नाहीतर वेल्डिंगला तो पेटतो आणि धूर धूर होतो. मग गाडीखाली जा. पेट्रोलची आणि ब्रेकची लाइन, स्पीडोमीटरची केबल, वायरिंग कुठून जातंय ते डोळ्यांनी बघा. मागच्या बाजूला टॉर्शन बार (स्प्रिंगचं काम करणारे, पिळले जाणारे लांब दांडे) जिथे अडकतात तो क्रॉसमेंबर, म्हणजे आडवा तुळईसारखा भाग आहे. पुढचं सस्पेन्शन त्याच्यावर तोललेलं असतं. त्याला ग्राइंडरची डिस्क लागता कामा नये.

पहिलं भोक लहानच पाडा, शिफ्टर वर यायला पुरेल एवढंच. मग गिअरबॉक्स चढवा, आणि तो नव्या माउंटवर, म्हणजे खालच्या रबरी आधारावर. जुनं रबर बसलेलं असेल तर गिअरबॉक्स खाली राहतो, नवं माउंट टाकलं की वर येतो, आणि मग तुमचं माप गेलं. इंजिनाचे माउंटही आधीच बदलून घ्या.

शिफ्टर लावा, काठी लावा, वरून हंप ठेवा. आता रिव्हर्ससकट सगळे गिअर टाकून बघा. रिव्हर्सला काठी सर्वांत डावीकडे जाते, घासली तर तिथेच घासते.

[क्लोज-अप: हंपची आतली बाजू आणि शिफ्टर, मध्ये १२ मिमीची लाकडी पट्टी.]

ही पट्टी चारी बाजूंनी फिरायला हवी. गाडी उभी असताना ५ मिमीसुद्धा भरपूर वाटतात. पण व्ही-८ ला जोरात रेस दिली की इंजिन पीळ खातं आणि त्याची डावी बाजू वर उचलली जाते. शिफ्टर त्याच बाजूला आहे, तोही वर येतो. मग दर वेळी पत्र्यावर टण्णकन आवाज. मोकळी जागा कमी वाटली तर हंप सरकवा. ठोकून फुगवायची वेळ आली, तर बहुतेक जागाच चुकली आहे.

कन्सोल (दोन सीटमधली पेटी) लावायचा असेल तर त्याचे ब्रॅकेट आणि कन्सोल आत्ताच ठेवून बघा.

जागा पक्की झाली की हंपच्या बाहेरून रेघ मारा आणि सहा सेल्फ-टॅपिंग स्क्रूने तो धरा. मग स्क्रू काढा, हंप काढा आणि गिअरबॉक्सही उतरवा. हो, परत उतरवायचा. ठिणग्या आणि उष्णता त्याच्या सीलला नकोत. स्क्रूची भोकं आहेत, हंप पुन्हा तिथेच बसतो.

बाहेरच्या रेघेपासून साधारण २० मिमी आत दुसरी रेघ मारा आणि तिच्यावर कापा. ही २० मिमीची कड वेल्डिंगसाठी ठेवायची आहे. कोपऱ्यांत आधी गोल भोक पाडा, म्हणजे तिथून पत्रा फाटत नाही. काचांवर ओलं गोणपाट टाका. ग्राइंडरची ठिणगी काचेत रुतते आणि तो ठिपका पुसून जात नाही.

हंपच्या कडेला ३०-३५ मिमीवर एक अशी ८ मिमीची भोकं पाडा. दोन्ही पत्रे चकचकीत घासून मध्ये झिंकचा वेल्ड-थ्रू प्रायमर (ज्याच्यावरून वेल्ड करता येतं तो) मारा, भोकातला तेवढा खरवडून टाका. मिग वेल्डरची तार ०.६ मिमी, गॅस ७५ टक्के आर्गॉन, २५ टक्के कार्बन डायऑक्साइड. करंट आधी तसल्याच जाडीच्या भंगार पत्र्यावर लावून बघा. भोकात तार खालच्या पत्र्यावर टेकवून सुरुवात करा, मग गोल फिरवत काठापर्यंत या. काठापासून सुरुवात केली तर वरून टाका छान दिसतो, पण खालच्या पत्र्याला धरलेलाच नसतो.

दोन पत्र्यांत फट असेल तर आधी हातोडीने बसवा. फटीवर वेल्ड मारलात की भोक पडणारच. एक टाका या टोकाला, पुढचा समोरच्या टोकाला. सलग मारत सुटलात तर पत्रा ओढला जातो. कोणीतरी गाडीखाली बादलीभर पाणी घेऊन बसलेलं असू द्या.

[अंधार. गाडीखाली दिवा, कॅमेरा आत.]

वेल्डिंग झालं की असा दिवा खाली ठेवा आणि आत अंधार करा. जिथून उजेड येतो, तिथून एक्झॉस्टचा धूर आणि पाणी येणार. ती भोकं बुजवा, इपॉक्सी प्रायमर मारा, मग वरून आणि खालून सीम सीलर, म्हणजे सांधे बुजवणारा लेप. सिलिकॉन नको, त्याच्यावर रंग धरत नाही.

गिअरबॉक्स पुन्हा चढला की सेल्फ मारून बघाल आणि काहीच होणार नाही. घाबरू नका. ऑटोमॅटिकमध्ये स्टार्टर रिलेला (सेल्फला करंट सोडणाऱ्या स्विचला) अर्थिंग मिळतं ते गिअरबॉक्सवरच्या न्यूट्रल स्विचमधून, आणि तो स्विच आता गेला. रिलेची ती वायर क्लच पेडलच्या स्विचमधून अर्थिंगला जोडा. थेट बॉडीला जोडली तरी सेल्फ लागेल, पण गिअरमध्ये असतानाही लागेल आणि गाडी भिंतीत जाईल.

कार्पेट सगळ्यात शेवटी. काठीसाठी फुलीसारखी लहान चीर द्या, आणि काठीभोवतीच्या रबरी बूटची पट्टी जेवढं झाकते त्याच्या आतच ठेवा.