तीन सेकंदांत चेंडू पहिल्या बेसवर

क्रीडाशिक्षक, प्रशिक्षक आणि पालक मंडळी, नमस्कार.

आज सॉफ्टबॉलच्या ज्या संघाबद्दल बोलायचं आहे तो तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिलेला आहे. पंधरा-सोळा मुली, त्यातल्या निम्म्याहून जास्त जेमतेम चौदा वर्षांच्या. मोठ्या मुली शाळा संपवून गेलेल्या. समोरच्या संघात सतरा-अठरा वर्षांच्या, ताकदीने कितीतरी पुढे असलेल्या खेळाडू. अशा संघाचे प्रशिक्षक भेटले की पहिला प्रश्न बहुधा बॅटिंगचा असतो. आमच्या मुलींचा फटका लांब जात नाही, काय करू? माझं उत्तर ठाम आहे. फटक्याचं नंतर बघू. तुमच्या शॉर्टस्टॉपकडे, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे उभ्या राहणाऱ्या मुलीकडे, साधा सरपटी चेंडू आला, तर तो तीन सेकंदांत पहिल्या बेसवर, म्हणजे बॅटरला पळत गाठायच्या पहिल्या टप्प्यावर पोचतो का, ते आधी मला सांगा.

हे तीन सेकंद मैदानाच्या मापातूनच आले आहेत. बेसबॉलमध्ये दोन बेसमधलं अंतर ९० फूट, आपल्या सॉफ्टबॉलमध्ये ६० फूट. चांगली धावणारी मुलगी मारल्यापासून साधारण तीन सेकंदांत पहिला बेस गाठते. डावखुरी आणि चेंडू मारता मारताच पळायला लागणारी असेल तर त्याहूनही लवकर. तिला आउट करायचं तर तेवढ्यात चेंडू जमिनीवरून यायचा, ग्लोव्हमध्ये बसायचा, हातात यायचा, फेकला जायचा आणि पलीकडे पकडला जायचा. ग्लोव्हमधून एकदा उडाला की तो उचलून पुन्हा फेकायला वेळच उरत नाही. ती मुलगी बेसवर उभी असते.

आता हिशेब बघा. सात डाव, प्रत्येकी तीन आउट, म्हणजे एका सामन्यात आपल्याला २१ आउट मिळवायचे असतात. कोवळा संघ प्रत्यक्षात २६-२७ मिळवायला बघत असतो, कारण पाच-सहा आउट त्याने हातचे घालवलेले असतात. मोठा पराभव झाला की आपण म्हणतो, त्यांच्या मुली फार जोरात मारतात. स्कोअरशीट पुन्हा उघडा. प्रत्येक धावेपुढे खूण करा : ही धाव त्यांनी मारून मिळवली की आपण दिली? चार वाइड चेंडूंवर मिळालेला बेस, बॅटरच्या मागे बसणाऱ्या कॅचरच्या हातून सुटलेला चेंडू, पहिल्या बेसवरच्या मुलीच्या डोक्यावरून गेलेली फेक, हे सगळं ‘दिलेल्या’ रकान्यात. हा हिशेब मी अनेक संघांकडून करून घेतला आहे, आणि दिलेल्या धावांचा रकाना जवळजवळ नेहमीच लांब निघतो. ही चांगली बातमी आहे. चौदा वर्षांच्या मुलीला अठरा वर्षांची ताकद एका मोसमात देता येत नाही, पण दिलेल्या धावा एका मोसमात निम्म्यावर नक्की आणता येतात.

त्यातल्या सगळ्यात जास्त धावा पिचरच्या, म्हणजे बॅटरला चेंडू टाकणाऱ्या मुलीच्या, जागेवरून जातात, म्हणून इथे जरा थांबते. शालेय मुली आज ४३ फुटांवरून पिचिंग करतात. ऑलिंपिकमध्येही तेवढंच अंतर आहे. अमेरिकेतल्या शाळांमध्ये ते पूर्वी ४० फूट होतं, २०१०-११च्या मोसमापासून सगळीकडे ४३ झालं. बारा वर्षांखालच्या मुली तिथे ४० फुटांवरूनच टाकतात. म्हणजे लहान गटातून वर आलेल्या मुलीला एकदम तीन फूट मागे जावं लागतं. कागदावर हे किरकोळ वाटतं. प्रत्यक्षात चेंडू गुडघ्याखाली पडायला लागतो, मग ती जोर लावते, खांदा उघडतो, चेंडू इकडेतिकडे जायला लागतो आणि बेस फुकट मिळत जातात. अशा वेळी तिला नवा चेंडू शिकवायला जाऊ नका. पहिल्या वर्षी मला तिच्याकडून दोनच गोष्टी हव्या असतात : प्लेटच्या, म्हणजे बॅटरजवळच्या पाटीच्या, दोन्ही कडांवर टाकता येणारा सरळ वेगवान चेंडू, आणि त्याच हालचालीतून येणारा एक संथ चेंडू. ताशी ९० किलोमीटरने आलेला चेंडू हातातून सुटल्यापासून प्लेटपर्यंत अर्ध्या सेकंदाच्याही आत पोचतो. बॅटरने त्या वेळेचं गणित मनात बसवलेलं असताना संथ चेंडू आला, की अठरा वर्षांची मुलगीही लवकर बॅट फिरवते. वर चढणारा राइज बॉल, वळणारा कर्व्ह यांना पुढची तीन वर्षं आहेत.

आणि पिचर एक नको. कृपा करून एक नको. हात खालून फिरतो म्हणून खांद्याला काही होत नाही, हा समज आपल्या खेळात फार खोल रुजलेला आहे आणि तो खोटा आहे. वर्तुळाकार फेकीत खांद्यावर आणि दंडाच्या पुढच्या भागावर येणारा ताण बेसबॉलच्या पिचरवर येणाऱ्या ताणाच्या तोडीचा असतो. अमेरिकेत शालेय बेसबॉलसाठी २०१७ पासून पिचच्या संख्येवर मर्यादा घालणं राज्यांना बंधनकारक झालं. मुलींच्या सॉफ्टबॉलला तशी देशव्यापी मर्यादा नाही. नियम नसेल तर तो प्रशिक्षकाने करावा. टाकलेला प्रत्येक चेंडू मोजा, सरावातलेसुद्धा, आणि दुखतंय असं मुलगी म्हणाली की तिथेच थांबवा.

जपानच्या युकिको उएनोचं उदाहरण सगळे देतात. २००८च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये तिने दोन दिवसांत तीन सामने मिळून ४१३ चेंडू टाकले आणि अमेरिकेला हरवून सुवर्णपदक आणलं. तिच्या जिद्दीला माझा मनापासून नमस्कार आहे. पण शाळेच्या संघासाठी मी तिचाच दुसरा सामना पुढे ठेवते. टोकियो ऑलिंपिकची अंतिम लढत, २७ जुलै २०२१. उएनो ३९ वर्षांची. सहाव्या डावात तिला बाहेर घेऊन २० वर्षांच्या मिउ गोतोला आणलं. त्याच डावात थर्ड बेसच्या खेळाडूला लागून उडालेला चेंडू शॉर्टस्टॉप माना आत्सुमीने हवेतच झेलला आणि क्षणात दुसऱ्या बेसवर फेकून आणखी एक आउट मिळवला. सातव्या डावात उएनो परत आली, कारण आपल्या खेळात सुरुवातीच्या खेळाडूला एकदा परत येता येतं. जपान २-० ने जिंकला. दुसऱ्या पिचरवर टाकलेला विश्वास, पाठीशी चोख क्षेत्ररक्षण आणि नियमाचा नेमका वापर, सगळं त्या दोन डावांत आहे. आपल्या मुलींना हे दोन डाव दाखवा.

पिचरइतकाच वेळ कॅचरला द्यायला हवा आणि तो कुणी देत नाही. तीन स्ट्राइक झाले की बॅटर आउट, पण पहिला बेस रिकामा असताना तिसऱ्या स्ट्राइकचा चेंडू कॅचरच्या हातून निसटला तर बॅटर पळू शकते. म्हणजे पिचरने मिळवलेला आउट कॅचर घालवू शकते. कोवळ्या कॅचरला सगळ्यात आधी जमिनीवर आपटणारा चेंडू छातीने अडवायला शिकवा. दुसऱ्या बेसपर्यंतची ८५ फुटांची फेक नंतर. कॅचर चेंडू मागे जाऊ देणार नाही अशी खात्री असली, की पिचर निर्धास्तपणे खाली टाकते. तिचा चेहरा बदललेला लांबूनही दिसतो.

सरावाबद्दल एकच आग्रह. रांगा नकोत. एक मुलगी चेंडू अडवते आणि अकरा जणी बघतात, हा सराव नाही. तीन गट करा, प्रत्येकीच्या हातात सतत चेंडू राहील असं बघा. शेवटची वीस मिनिटं मात्र सगळ्या आपापल्या जागी, बेसवर खऱ्या धावणाऱ्या मुली, आणि माझ्या हातात स्टॉपवॉच. तीनच्या आत आउट झाला की तो आकडा मोठ्याने सांगायचा. आपला आकडा खाली यावा म्हणून मुली ज्या जिद्दीने खेळतात, ती कुठल्याही भाषणाने येत नाही.

बॅटिंगचं आता थोडक्यात. तीन सेकंदांचा नियम समोरच्या संघालाही लागू आहे. म्हणून बंट (बॅट न फिरवता नुसती लावून चेंडू जवळच पाडणं), हलका ढकललेला चेंडू, धाडसी पळणं. चेंडू जमिनीवर ठेवून त्यांना फेकायला लावायचं. दोन स्ट्राइक झाल्यावर बॅटवरची पकड मुठीच्या टोकापासून थोडी वर घ्यायची. ताकद येईल तसे लांब फटके येतील.

पालकांना एक विनंती आहे. या वयात मुलींचे गुडघे धोक्यात असतात. उडी मारून नीट खाली येणं, गुडघा आत न वळू देणं, हे व्यायाम प्रत्येक वॉर्म-अपमध्ये असायला हवेत, त्यांनी दुखापती खरोखर कमी होतात. मुलगी खूप खेळायला लागली आणि पाळी थांबली, तर ‘खेळाडूंना होतं असं’ म्हणून सोडू नका. तिचं खाणं तिच्या श्रमाला पुरत नसल्याची ती खूण असू शकते, डॉक्टरांना दाखवा. थर्ड बेसला आणि पिचिंगला उभ्या राहणाऱ्या मुलीला चेहऱ्याचा मास्क घ्या. थर्ड बेसची मुलगी बंटसाठी बेसच्याही पुढे उभी असते, तिथे हात वर यायलाही वेळ नसतो. आणि चूक झाली त्या क्षणी बाहेरून तिचं नाव घेऊन ओरडू नका. पुढचा चेंडू काही सेकंदांत येणार असतो आणि तिला तिथे पूर्ण लक्ष द्यायचं असतं.

सामने ठरवताना सगळेच बलाढ्य संघ घेऊ नका. पाचव्या डावात सात धावांच्या फरकाने सामना थांबवण्याचा नियम आंतरराष्ट्रीय खेळातही आहे. रोज त्या नियमाने घरी जाणारी मुलगी शिकत नाही, थकते. मोसमाच्या सुरुवातीला बरोबरीचे संघ, मधे दोन-तीन खूप वरचे, शेवटी पुन्हा बरोबरीचे. वरच्या संघाशी हरल्यावर धावफलकाऐवजी ‘दिलेल्या धावा’ वाचून दाखवा.

मोसम संपला की दुसऱ्याच आठवड्यात लहान गट सुरू करा. दहा वर्षांच्या मुलींना ११ इंच घेराचा चेंडू आणि पिचिंगला ३५ फूट अंतर द्या, थेट मोठा चेंडू देऊ नका. त्यांना शिकवायला तुमच्याच चौदा-पंधरा वर्षांच्या मुली उभ्या करा. सरपटी चेंडू कसा घ्यायचा ते दुसऱ्या कुणाला समजावताना त्यांचं स्वतःचं फूटवर्क सुधारतं. चार वर्षांनी तुमची आजची शॉर्टस्टॉप शाळेतून जाईल, तेव्हा तिच्या जागेवर येणारी मुलगी तिच्याच हाताखाली शिकलेली असेल.