पन्नालाल घोष आणि सातवं भोक

मंडळी, तुमच्यापैकी निम्म्या लोकांनी तरी लहानपणी बासरी विकत घेतली असेल. जत्रेत तो बासरीवाला उंच काठीला झाडासारख्या बासऱ्या खोचून फिरतो. तो वाजवतो तेव्हा गोड वाजते. आपण घरी आणतो, फुंकतो, नुसती हवा जाते. दोन दिवसांनी तिने कुणीतरी कुत्रं हाकलतं. माझी पहिली बासरी अशीच गेली.

हे सांगायचं कारण, शंभर वर्षांपूर्वी बासरीची पत साधारण एवढीच होती. देवाच्या हातात होती, गुराख्याच्या हातात होती, नाटकाच्या साथीला होती. पण गवयासमोर बसावं तसं बासरीवाल्यासमोर दीड तास बसून दरबारी राग ऐकायचा, ही कल्पना कुणाच्या डोक्यात नव्हती. ती पन्नालाल घोष यांनी घातली.

जन्म 1911 चा, बारिसालचा. आज ते बांगलादेशात आहे. वडील सतार वाजवायचे, त्यामुळे घरात सूर होता. नदीत वाहत आलेली बासरी सापडली, मग एक साधू भेटला, अशा गोष्टी त्यांच्या बालपणाबद्दल सांगतात. मोठ्या माणसाच्या बालपणात एक साधू लागतोच, तेव्हा मी त्यात शिरत नाही. मला जास्त आवडतो तो तालमीतला पन्नालाल. व्यायामाचा नाद होता, मुष्टियुद्ध खेळायचे. छाती कमावलेली. लांब बासरीला लागणारा दम त्यांनी आधी आखाड्यात कमावला, असं मी म्हणतो. तुम्हाला पटलं तर घ्या.

पुढे कलकत्ता. न्यू थिएटर्स या सिनेमा कंपनीत, वाद्यवृंदात नोकरी. पहिले रीतसर गुरू खुशी मोहम्मद खाँ, आणि ते हार्मोनियम वाजवणारे! बासरी शिकवणारा उस्तादच नव्हता, तर जाणार कुणाकडे? नंतर गिरिजाशंकर चक्रवर्तींकडे शिकले, ते गवई. 1938 साली सरायकेलाच्या छाऊ नर्तकांबरोबर युरोपचा दौरा झाला. 1940 ला मुंबई. पत्नी पारुल घोष पार्श्वगायिका, संगीतकार अनिल विश्वासांची बहीण. 1942 च्या ‘बसंत’ सिनेमाला संगीतकार म्हणून पन्नालालांचं नाव आहे, पण चाली मेहुण्यानेच बांधल्या असं जाणकार सांगतात. सिनेमाने घर चालवलं, एवढं पुरे.

आता मुद्द्याचं. ही बघा, चौदा इंची बासरी. आवाज चिमणीसारखा. हिच्यावर धून छान वाजते. पण विलंबित, म्हणजे संथ ख्यालाचा षड्ज, म्हणजे सा, लावून बघा, तो जमिनीला टेकतच नाही. पन्नालालांना हवा होता गवयाच्या गळ्याच्या जवळचा आवाज. खाली जायचं तर नळी लांब हवी. त्यांनी बांबू सोडून दुसऱ्या नळ्याही वाजवून पाहिल्या, आणि पुन्हा बांबूवरच आले. लांबी ठरली 32 इंच. एवढा सरळ बांबू, मध्ये गाठ नको, म्हणजे एका पेराची लांबीच तेवढी हवी. असा बांबू शोधणं हेच एक काम.

ही घ्या मोठी बासरी. भोकांमध्ये दीड-दीड इंचाचं अंतर. बोटाचं टोक पोचत नाही, म्हणून बोट आडवं टाकून मधल्या पेराने भोक झाकायचं. पन्नालालांनी म्हणे बोटांमधली कातडी कापून घेतली होती, अशी एक वदंता आहे. मी ती खरी मानत नाही; पण पहिल्या महिन्यात माझ्या हाताला जो पेटका यायचा, त्यावरून ती कुठून निघाली असेल ते कळतं.

आणि आता सातवं भोक. सहा भोकांच्या बासरीवर सगळी भोकं उघडी टाकली की तीव्र मध्यम, म्हणजे चढा म. पुढचा पंचम, म्हणजे प, हवा तर सहाच्या सहा बंद करायची आणि फुंक जोरात. म्हणजे यमन रागात म-प घेताना हाताची सगळी बोटं एकदम उचललेली, ती एकदम आपटायची. गवई जिथे सुरावरून अलगद सरकतो, तिथे आपण दार धाडकन लावतो. पन्नालालांनी खाली, करंगळीजवळ, आणखी एक भोक पाडलं. सगळं बंद ठेवून जोरात फुंकलं की तिथेच तीव्र मध्यम, आणि करंगळी हळूच उचलली की पंचम. बाकीचा हात जागचा हलत नाही. मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अलगद सरकणं, मिळाली! शिवाय मंद्रातही, म्हणजे खालच्या सप्तकातही, पंचमाच्या खाली आणखी एक सूर हाती आला.

1947 साली, छत्तीसाव्या वर्षी, नाव झालेला हा माणूस मैहरच्या अल्लाउद्दीन खाँसाहेबांचा, म्हणजे त्या काळच्या मोठ्या सरोदवादक गुरूंचा, शागीर्द झाला. दीपावली, पुष्पचंद्रिका, चंद्रमौळी असे राग त्यांनी बांधले. तीन मिनिटांच्या तबकड्यांत हा माणूस मावत नाही. लांब ध्वनिमुद्रणं ऐका. मारवा ऐका, आणि रात्री ऐकू नका.

1956 मध्ये ते दिल्लीला आकाशवाणीच्या वाद्यवृंदाचे संचालक झाले आणि 1960 च्या एप्रिलमध्ये गेले. वय अठ्ठेचाळीस.

त्यांचं काम आपल्याकडेच, महाराष्ट्रात, जास्त टिकलं. धाकटे भाऊ निखिल घोष तबल्याचे मोठे जाणकार, त्यांनी मुंबईत संगीत महाभारती उभी केली. जावई देवेंद्र मुर्डेश्वर, पुण्यात केशवराव गिंडे, मुंबईत निरंजन हळदीपूर आणि त्यांचे चिरंजीव नित्यानंद, अशी ही सातव्या भोकाची मंडळी. हरिप्रसाद चौरसियाजी सहा भोकांवरच वाजवतात आणि कशातही अडत नाहीत, हे मला कबूल आहे. वाद घालायचा असेल तर चहाच्या वेळी.

आता यमनाचा म-प दोन्ही तऱ्हांनी वाजवतो. आधी सहा भोकांवर. मग करंगळी. माझी करंगळी आखूड आहे, तेवढी हवा सुटली तर समजून घ्या.