चिनी मातीतला हार्लेक्विन

श्रोते हो, नमस्कार.

जर्मनीत एल्ब नदीकाठी माइसेन नावाचं गाव आहे. तिथल्या किल्ल्यात १७१० साली युरोपातला अस्सल पोर्सेलीनचा, म्हणजे चिनी मातीचा, पहिला कारखाना सुरू झाला. तो काढला ऑगस्टस द स्ट्राँग याने. सॅक्सनी या जर्मन संस्थानाचा इलेक्टर, म्हणजे सत्ताधीश, आणि पोलंडचा राजा असलेल्या या माणसाला चिनी भांड्यांचं विलक्षण वेड होतं.

१७३१ साली योहान योआखिम केंडलर हा शिल्पकार तिथे दाखल झाला. राजासाठी त्याने मोठमोठे पशुपक्षी घडवले. पण मला विचाराल, तर त्याची खरी करामत दिसते ती वीतभर उंचीच्या इटालियन नटांत!

हे नट ‘कोमेदिया देल्लार्ते’ या जुन्या इटालियन नाट्यप्रकारातले. या नाटकांत कथेचा सांगाडा तेवढा ठरलेला, संवाद मात्र ऐन वेळी सुचतील तसे. पात्रंही ठरलेली. कंजूष म्हातारा पंतालोने, पांडित्य मिरवणारा दोत्तोरे, चलाख दासी कोलंबिना, आणि काळा मुखवटा लावून धन्याची फजिती करणारा नोकर हार्लेक्विन. आपल्या तमाशातला सोंगाड्या डोळ्यांसमोर आणा, म्हणजे हार्लेक्विन लगेच ओळखीचा वाटेल.

आता केंडलरचा एक हार्लेक्विन जवळून पाहू. अंगात रंगीबेरंगी तुकड्यांचा पोशाख, टोपी हातात, आणि मुजऱ्यासाठी कंबरेत वाकलेला. पाठीमागे झाडाचा बुंधा दिसतो. हा बुंधा नुसता शोभेचा नाही हं! पोर्सेलीन भाजायला सुमारे १४०० अंश सेल्सिअस उष्णता लागते. त्या धगीत माती मऊ पडते, शिवाय जवळजवळ एक षष्ठांशाने आक्रसते. दोन बारीक पायांवरचा नट भट्टीतच कलंडला असता. त्याला तोलून धरतो तो हा बुंधा. डोकं, हात, धड वेगवेगळ्या साच्यांतून काढायचं, पातळ केलेल्या त्याच मातीने सांधायचं, आणि तरीही मुजरा एका दमात केल्यासारखा दिसला पाहिजे. त्या कारागिरांचं मला फार कौतुक वाटतं.

१७४३च्या सुमारास केंडलर आणि त्याचा सहकारी शिल्पकार पेटर रायनिके यांनी वायसेनफेल्सच्या ड्यूकसाठी या पात्रांची अख्खी मालिका केली. मेजवानीत गोड पदार्थ आले की अशा मूर्ती टेबलावर मांडत. पूर्वी त्या जागी साखरेच्या मूर्ती असत. पाहुणे चारी बाजूंना बसलेले, म्हणून प्रत्येक मूर्ती सगळीकडून घडवलेली. तेव्हा संग्रहालयात अशी मूर्ती दिसली, तर समोरून पाहून पुढे जाऊ नका. मागे जाऊन तो बुंधाही जरूर पाहा.