चामड्याचं जाकीट आणि उघडं गुपित

नमस्कार श्रोतेहो.

आज एका जाकिटाबद्दल बोलायचंय. काळं, चामड्याचं, चमकत्या खिळ्यांनी मढवलेलं. नव्वदच्या सुमाराला पुण्यात आमच्या वसतिगृहाच्या खोलीत भिंतीवर एक चित्र होतं आणि त्यातल्या माणसाच्या अंगावर ते जाकीट होतं. डोक्यावर तशीच चामडी टोपी, हातात चाबूक, बुडाखाली हार्ले-डेव्हिडसन. ‘जुडास प्रीस्ट’ या ब्रिटिश हेवी मेटल, म्हणजे दणदणाटी रॉक संगीताच्या बँडचा गायक रॉब हॅलफर्ड. आमच्याकडची त्याची कॅसेट म्हणजे कॉपीची कॉपी, गिटारपेक्षा खरखर जास्त. पण तो आवाज वरच्या पट्टीत चढला, की पलीकडच्या खोलीतला मेकॅनिकलवाला भिंतीवर चप्पल आपटायचा.

आमच्या एका मित्राला कुणी गझल ऐकताना दिसलं, तरी ‘बायल्या’ म्हणायची खोड होती. तो या चित्राकडे बोट दाखवून म्हणायचा, “बघा, याला म्हणतात मर्द.” आम्ही माना डोलवायचो. मीसुद्धा.

मग १९९८ चा फेब्रुवारी आला. हॅलफर्डनं जुडास प्रीस्ट सोडून काही वर्षं झाली होती. ‘टू’ नावाच्या नव्या बँडबद्दल बोलायला तो न्यूयॉर्कमध्ये एमटीव्हीकडे गेला होता आणि बोलण्याच्या ओघात सांगून मोकळा झाला, की मी आयुष्यभर गे आहे आणि बहुतेकांना ते ठाऊकच असावं. घोषणा नाही, पत्रकार परिषद नाही. पुढे त्यानंच सांगितलंय, की ते वाक्य तोंडातून गेलं आणि खोलीत कुणाच्या तरी हातातला क्लिपबोर्ड खाडकन खाली पडला. तेव्हा तो ४६ वर्षांचा होता.

‘बहुतेकांना ठाऊकच असावं.’ मला सगळ्यात गंमत वाटते ती याची. बँडमधल्या सोबत्यांना माहीत होतं. ज्यांना माहीत नव्हतं ते आम्ही, त्याचं चित्र रोज बघणारे.

आता जाकिटाकडे येऊ. १९७८ च्या आसपास हॅलफर्ड मंचावर असा यायला लागला. त्याआधी हा बँड झुळझुळीत सॅटिन आणि मखमल घालून गात असे. असल्या गडगडाटाला ते कपडे शोभत नव्हते. चामडं, साखळ्या, पट्टे, टोपी हा सगळा साज तेव्हा लंडन-न्यूयॉर्कच्या समलिंगी पुरुषांच्या ठरावीक बारमध्ये दिसायचा आणि त्यांच्यासाठीच्या दुकानांत मिळायचा. तो हेवी मेटलच्या मंचावर आला आणि बघता बघता जगभरच्या पोरांचा गणवेश झाला. ज्या पोरांनी त्या बारच्या दारातही पाऊल टाकलं नसतं, ती तिथलाच वेष मिरवत, छाती काढून हिंडत होती. हॅलफर्ड स्वतः म्हणतो, की मी ते काही सुचवायला म्हणून घातलं नव्हतं, संगीत जसं ऐकू येत होतं तसं दिसायचं होतं, एवढंच. मला ते पटतं. पण बघणाऱ्याच्या डोळ्यांचं काय? त्यांनी खिळे बघितले, चाबूक बघितला आणि मनातल्या ‘मर्द’ नावाच्या खणात ते चित्र ठेवून दिलं.

त्याच्याही आधी, १९७७ मध्ये, जुडास प्रीस्टचं ‘रॉ डील’ नावाचं एक गाणं येऊन गेलं होतं. त्यात एक बार आहे आणि फायर आयलंडचं नाव आहे. न्यूयॉर्कजवळचं हे बेट समलिंगी पुरुषांच्या सुट्ट्यांसाठी प्रसिद्ध. गाणारा माणूस आपला पत्ता जवळजवळ सांगूनच टाकतो. त्याच्या सांगण्याप्रमाणे, कुणाच्या लक्षातही आलं नाही.

याला जोडून एक खटला आठवतो. १९८५ मध्ये अमेरिकेत नेवाडा राज्यात दोन तरुणांनी स्वतःवर गोळी झाडून घेतली. एक तेव्हाच गेला, दुसरा काही वर्षांनी. फार दुःखद प्रकरण. घरच्यांचं म्हणणं असं, की जुडास प्रीस्टच्या रेकॉर्डमध्ये लपवलेल्या संदेशांनी पोरांना चिथावलं. १९९० मध्ये रीनोच्या कोर्टात खटला उभा राहिला, हॅलफर्डला साक्षीत गाऊनही दाखवावं लागलं. रेकॉर्ड उलटी वाजवली तर काय ऐकू येतं, यावर तज्ज्ञांच्या जबान्या झाल्या. शेवटी बँडवाल्यांनी आपलीच टेप उलटी वाजवली, तर ‘आई, माझी खुर्ची मोडली’ अशासारखं काहीतरी सापडलं! निकाल बँडच्या बाजूनं लागला. गंमत बघा, सगळी दुनिया उलट्या रेकॉर्डमध्ये गुपित शोधत होती आणि सुलट्या रेकॉर्डमधलं गुपित तेरा वर्षं तसंच पडून होतं.

मग हा माणूस गप्प का राहिला? तो वाढला वॉल्सॉलमध्ये, बर्मिंगहॅमजवळच्या पोलादी कारखान्यांच्या पट्ट्यात. शाळेत जायची वाट भट्टीच्या धुरातून. इंग्लंडमध्ये दोन प्रौढ पुरुषांचे खाजगीतले संबंध गुन्हा राहिले नाहीत ते १९६७ मध्ये, तेही एकवीस वर्षांवरच्यांसाठी. तेव्हा हॅलफर्ड पंधरा वर्षांचा. पुढे भीती कायद्याची उरली नाही. भीती ही, की आपण बोललो तर बँड बुडेल, बाकीच्यांची पोटंही त्यावरच आहेत. त्या घुसमटीत दारू वाढली. १९८६ च्या जानेवारीत त्यानं ती सोडली.

इथे आपल्या पाचगणीचा एक मुलगा आठवणारच. सेंट पीटर्स शाळेत शिकलेला फारूख बुलसारा, जगाचा फ्रेडी मर्क्युरी, ‘क्वीन’ या ब्रिटिश रॉक बँडचा गायक. १९७४ मध्ये एका संगीत साप्ताहिकानं त्याला छेडलं तेव्हा तो हसत म्हणाला, मी डॅफोडिलच्या फुलाइतका गे आहे. लोकांनी ती थट्टा समजून सोडून दिली. शेवटच्या वर्षांत मात्र वर्तमानपत्रं त्याच्या लंडनच्या घराबाहेर कॅमेरे रोखून उभी. २३ नोव्हेंबर १९९१ ला त्यानं एड्स असल्याचं निवेदन काढलं आणि दुसऱ्याच दिवशी तो गेला. त्या निवेदनात फक्त आजार आहे, बाकी काही नाही. लोक म्हणतात, त्यानं लपवलं. मला तसं म्हणवत नाही. डॅफोडिल तर त्यानं सतरा वर्षं आधीच हातात दिलं होतं.

हॅलफर्डची बातमी आमच्या त्या मित्राला मीच फोन करून सांगितली. पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाला, “काही नाही रे, पब्लिसिटीसाठी करतात हे लोक.” आपल्याकडे समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ तेव्हा शाबूत होतं आणि सर्वोच्च न्यायालयानं सज्ञानांच्या संमतीचे संबंध त्यातून बाहेर काढायला सप्टेंबर २०१८ उजाडला. आमच्या वसतिगृहात दीडशे पोरं होती. त्यातला कुणी ना कुणी ‘बायल्या’ हा शब्द ऐकून आम्हा सगळ्यांसारखाच हसला असणार. कोण, ते मला आजही माहीत नाही.

आणि मेटलचे चाहते? वादळ उठेल असं वाटलं होतं, ते उठलं नाही. २००३ मध्ये हॅलफर्ड परत जुडास प्रीस्टमध्ये आला, तेव्हा त्यांनी त्याला डोक्यावर घेतलं. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये लॉस एंजेलिसला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमचा सन्मान घ्यायला बँड मंचावर आला, तेव्हा त्यानं ओळख करून दिली ती अशी: मी रॉब हॅलफर्ड, बँडमधला तो गे माणूस. लोक हसले, टाळ्या वाजल्या.

त्याच रात्री अमेरिकन गायिका डॉली पार्टनचाही सन्मान होता. शेवटी तिनं ‘जोलीन’ सुरू केलं. त्या गाण्यात एक बाई दुसरीला विनवते, की माझा पुरुष माझ्यापासून नेऊ नकोस. एकाहत्तर वर्षांचा हॅलफर्ड तिच्या शेजारी उभा राहिला. पांढरी लांब दाढी, अंगावर खिळ्यांचं काळं चामडं. त्यानं आवाज लावला आणि अगदी मनापासून जोलीनला विनवू लागला.