कोकची सुट्टी

श्रोतेहो, नमस्कार.

हवामान बदलतंय, रोगांच्या साथी येतायत, आणि त्यात शाळांनी आणि बर्फातल्या खेळांनी स्वतःला कसं सावरून घेतलं, यावर मला बोलायला सांगितलंय. विषय मोठा, वेळ थोडा. त्यातला निम्मा मी एकाच गोष्टीवर घालवणार आहे, हे आधीच कबूल करतो. ही गोष्ट मी भेटेल त्याला सांगतो. घरात मी नुसतं 'स्वीडनमध्ये' म्हटलं की माणसं उठून दुसऱ्या खोलीत जातात. तुम्ही रेडिओ ऐकताय. खोली बदललीत तरी आवाज येईलच.

तर, स्वीडनमध्ये. साल 1940. दुसरं महायुद्ध पेटलेलं. स्वीडन युद्धात उतरलं नव्हतं, पण त्या वर्षीचा हिवाळा आणि त्यापुढचे दोन असे कडक गेले की समुद्रही गोठला. शाळा तापवायला लागायचा कोक. बाटलीतला नव्हे हो, दगडी कोळसा बंद भट्टीत भाजून जो उरतो तो. धूर कमी, आच जास्त. स्वीडनच्या जमिनीत कोळसा फारसा नाहीच. तो बोटीने यायचा, आणि युद्धात बोटींचा काय भरवसा? कोकचं रेशनिंग झालं.

आता ती शाळा डोळ्यांसमोर आणा. उंच छत, मोठाल्या खिडक्या, तळघरात बॉयलर. वर्गात तीस मुलं असोत की तीन, बॉयलर तेवढंच खातो. मग साधा हिशेब मांडला गेला. ऐन थंडीत आठवडाभर शाळाच बंद ठेवली, तर आठवड्याचा कोक वाचतो. लोक त्या सुट्टीला म्हणायला लागले 'कोक्सलोव्ह'. लोव्ह म्हणजे सुट्टी. कोकची सुट्टी!

पण मोकळ्या सुटलेल्या मुलांचं करायचं काय? घरीही इंधन जपूनच जाळायचं होतं. ऊब मिळवायचा बिनखर्ची उपाय एकच, अंग हलवणं. म्हणून मुलांसाठी स्कीइंग, स्केटिंग असे खेळ ठरवून दिले, आणि सुट्टीचं नाव पडलं 'स्पोर्टलोव्ह'. खेळाची सुट्टी.

पुढे युद्ध संपलं. कोळसा आला. बॉयलर पुन्हा धडधडायला लागले. म्हणजे आता सुट्टी गेली पाहिजे, नाही का? नाही गेली. कारण फेब्रुवारी हा सर्दी-खोकल्याचा, फ्लूचा मोसम. खिडक्या लावून बसलेल्या वर्गात एक शिंकला की चार दिवसांत अर्धे बाक रिकामे. आठवडाभर मुलं पांगली की साथीची साखळी तुटते, असा विचार पुढे आला आणि सुट्टी राहिली. सुट्टी तीच, कारण नवं. हे जरा कानात ठेवा. सुट्टी तीच, कारण नवं.

खिडक्यांचं निघालं म्हणून सांगतो. 1908 साली अमेरिकेत, ऱ्होड आयलंडमधल्या प्रॉव्हिडन्स शहरात, क्षयाचा धोका असलेल्या मुलांसाठी एक वर्ग सुरू झाला. दोन डॉक्टर बाईंनी त्यासाठी पुढाकार घेतला होता. खोलीच्या एका बाजूला छतापासून जमिनीपर्यंत खिडक्या, आणि त्या भर हिवाळ्यात सताड उघड्या. मुलं जाड पिशव्यांत पाय घालून बसायची, पायाशी तापवलेले दगड. बर्लिनजवळ तर 1904 सालीच रानात शाळा भरली होती. आणि आपण आज काय बांधतो? काचा कधीच न उघडणारे वर्ग. ते बांधणाऱ्या आर्किटेक्टला आठवडाभर तिथल्याच शेवटच्या बाकावर बसवावं, हे माझं फार जुनं मत आहे. असो.

परत स्वीडन. सगळ्या देशाला एकदम सुट्टी दिली तर डोंगरावर पाय ठेवायला जागा उरणार नाही, म्हणून ती वाटून दिलेली. तिथला माणूस तारीख सांगत नाही, वर्षातल्या आठवड्याचा आकडा सांगतो. गोथेनबर्गला सातवा आठवडा, माल्मोला आठवा, स्टॉकहोमला नववा, उत्तरेकडे दहावा. बाकीचे विसरलात तरी चालेल, एवढं लक्षात ठेवा: स्टॉकहोम, नववा.

2020 साली नववा आठवडा आला 24 फेब्रुवारी ते 1 मार्च. आता पैसेवाली कुटुंबं या सुट्टीत गावामागच्या टेकडीवर थोडीच जातात, ती जातात आल्प्समध्ये. आणि उत्तर इटलीत कोविड पसरल्याचं उघड झालं ते 21 फेब्रुवारीच्या सुमारास. गोथेनबर्गची मुलं तोवर घरी परतून वर्गात बसली होती. स्टॉकहोमची मुलं बॅगा भरत होती.

पुढचं तुम्हाला कळलंच असेल. डोंगरावरच्या हॉटेलांत, केबलकारच्या बंद डब्यांत, संध्याकाळच्या बारमध्ये जे मिळालं ते घेऊन माणसं घरी आली. पहिल्या लाटेत स्टॉकहोम होरपळलं, माल्मोच्या बाजूला त्या मानाने झळ कमी लागली. नंतर संशोधकांनी युरोपातल्या प्रदेशांचे सुट्टीचे आठवडे आणि तिथले नेहमीपेक्षा जास्तीचे मृत्यू शेजारीशेजारी मांडले. नवव्या आठवड्यात सुट्टी असलेल्या ठिकाणी आकडा चढा निघाला. सगळं सुट्टीच्याच माथी मारता येणार नाही, मोठं शहर, वृद्धाश्रम, बरंच काही होतं. पण गंमत बघा, गंमत म्हणवत नाही खरं तर. साथ तोडायला ठेवलेली सुट्टी साथ घेऊन घरी आली.

घड्याळ बघतो. निम्म्याहून जास्त वेळ गेला. म्हटलं होतंच.

आता बर्फ. स्वीडनमध्ये मार्चच्या पहिल्या रविवारी 'व्हासालोपेत' नावाची 90 किलोमीटरची स्की शर्यत असते, 1922 पासून. 1932, 1934 आणि 1990 या तीन वर्षी बर्फच नव्हता म्हणून ती रद्द झाली. 2021 साली बर्फ होता, पण कोविडमुळे मुख्य शर्यतीत फक्त अव्वल स्कीपटू धावले. हजारोंची ती प्रसिद्ध गर्दी नाही. एकदा हवेने अडवलं, एकदा आजाराने.

नैसर्गिक बर्फ कमी पडला की तोफा लावतात. पाण्याचे बारीक थेंब थंड हवेत उडवायचे, ते खाली पडेपर्यंत गोठतात. हवा नुसती थंड असून भागत नाही, कोरडीही लागते. दमट हवेत कपडे वाळत नाहीत, तसाच हा प्रकार. थेंबाची वाफ होत नाही, तो गार होत नाही. म्हणजे थंडी कमी झाली म्हणून तोफ आणायची, आणि तोफेला हवी पुन्हा थंडीच. शिवाय पाणी, शिवाय वीज. हिवाळी ऑलिंपिकमध्ये असा बर्फ पहिल्यांदा वापरला लेक प्लॅसिडला, 1980 साली, जोडीला म्हणून. 2022 साली बीजिंगला जवळजवळ सगळाच तो.

अति थंडीही चालत नाही बरं का. क्रॉस-कंट्री स्कीइंगमध्ये मार्गावरच्या सर्वांत गार जागी पारा उणे 20 अंशांखाली गेला की शर्यत पुढे ढकलतात किंवा रद्द करतात. तसल्या कोरड्या गार हवेत जोरजोरात श्वास घेतला की श्वासनलिका आवळतात. या खेळाडूंमध्ये दमा जास्त आढळतो तो उगाच नाही.

आणि शाळा? युनिसेफने मोजलं, 2024 साली हवामानाच्या तडाख्यांनी 85 देशांतल्या किमान 24 कोटी 20 लाख विद्यार्थ्यांच्या शिक्षणात खंड पडला. 24 कोटी 20 लाख. आणि सर्वांत मोठं कारण उष्णतेच्या लाटा. 1940 साली वर्ग तापवता येईनात म्हणून शाळा बंद झाली, आता वर्ग गार ठेवता येईनात म्हणून होते. सुट्टी तीच, कारण नवं.

काही ठिकाणी सुट्टीच काढून टाकलीय. न्यूयॉर्कमध्ये ठरलं होतं, बर्फ पडला की मुलांनी घरी संगणकासमोर बसायचं. 13 फेब्रुवारी 2024 ला हिमवादळ आलं, शाळा ऑनलाइन भरवायची ठरली, आणि सकाळी कितीतरी मुलांना लॉगिनच होईना. मला, खरं सांगू, आत कुठेतरी बरं वाटलं. बाहेर ताजा बर्फ पडलाय आणि आत मूल पासवर्ड टाकतंय, याला शिक्षण कोण म्हणेल? सुट्टीत अभ्यास देणाऱ्यांविषयीही मला बोलायचं होतं, पण ते या विषयात बसत नाही. प्रोजेक्ट तर मुळीच नाही. कापूस आणि थर्माकोल आई-वडिलांनी चिकटवायचा आणि गुण मुलांनी घ्यायचे!

शेवटचं एक सांगतो. स्वीडनच्या मध्यावर एस्टरसुंड नावाचं गाव आहे. तिथे हिवाळ्यात बर्फाचा मोठा ढीग रचतात आणि त्यावर लाकडाचा भुसा जाड पसरतात. बर्फाची लादी भुशात ठेवतात ना, तसंच, फक्त लादीच्या जागी टेकडी. उन्हाळाभर लांबून ती नुसती भुशाची तपकिरी टेकडी दिसते. थोडा बर्फ वितळतो, बराच टिकतो. शरद ऋतूत वरचा भुसा खरवडून काढतात, आत पांढरंशुभ्र. ते ट्रकमध्ये भरून ट्रॅकवर पसरतात. दोन्हीकडे अजून गवत हिरवं असतं, मधून एक पांढरा पट्टा जातो, आणि नव्या मोसमाचा सराव सुरू होतो तो गेल्या हिवाळ्यातल्या बर्फावर.

नमस्कार.